मेनफ्रेमवरचं लिनक्स अडलं तर: आधी थर शोधा, मग हात लावा

"सर्व्हर हँग होऊन राहिला भाऊ, रिबूट मारू का?" परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये रात्रपाळी करणाऱ्या सपोर्टच्या पोरापोरींकडून हा प्रश्न हमखास येतो. साध्या इंटेल सर्व्हरवर कधीकधी "मार" म्हणून मोकळं होता येतं. मेनफ्रेम म्हणजे आयबीएमचं मोठं सर्व्हर मशीन. त्यावरच्या लिनक्सला ते उत्तर देऊ नका. एक तर रिबूटमुळे मेमरीतला पुरावा पुसला जातो. शिवाय इथला बिघाड बहुतेकदा लिनक्समध्ये नसतोच, त्याच्या खालच्या थरात असतो. तो तसाच ठेवून रिबूट केला, तर जे रडतखडत चालू होतं तेही परत उठत नाही.

हा लेख रेड हॅट किंवा सुसे इंटेलवर नीट येणाऱ्या, पण अचानक मेनफ्रेमवरचे सर्व्हर गळ्यात पडलेल्या लोकांसाठी आहे. मशीन मुंबईत किंवा परदेशात असतं. नागपुरात तुमच्यासमोर असते ती एमुलेटरची हिरव्या अक्षरांची खिडकी आणि एक फोन नंबर. आयबीएमने या मशीनसाठी लिनक्सचे पहिले पॅच १९९९च्या डिसेंबरात खुले केले. त्यामुळे तंत्र जुनं आणि पक्कं आहे, आपल्याकडे ते हाताळणारी माणसंच कमी आहेत.

आज्ञांबद्दल आधीच सांगतो. फोनवर सांगाव्या तशा त्या इथे उच्चारानुसार लिहिल्या आहेत. टर्मिनलवर रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करा. ‘उणे’ म्हणजे स्विचच्या आधीची आडवी रेघ.

पहिली पायरी: आपण नेमके कुठे बसलो आहोत?

सगळ्यात खाली हार्डवेअर आणि पीआर-एसएम नावाचं फर्मवेअर. ते मशीनचे एलपार म्हणजे स्वतंत्र विभाग पाडतं. एलपारमध्ये लिनक्स थेट चालू शकतं, नाहीतर तिथे झेड-व्हीएम किंवा केव्हीएम हा हायपरव्हायजर (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) असतो आणि त्याच्या पोटात तुमचं लिनक्स, ज्याला गेस्ट म्हणतात. एकाच तक्रारीचा इलाज या तीन ठिकाणी तीन तऱ्हांचा असतो. म्हणून पहिला प्रश्न थराचा.

प्रॉक डिरेक्टरीतली सिसइन्फो ही फाइल कॅटने वाचा. वरच मशीनचा टाइप दिसतो: ३९३१ म्हणजे झेड१६, ८५६१ म्हणजे झेड१५, ३९०६ म्हणजे झेड१४, २९६४ म्हणजे झेड१३. त्याखाली एलपारचं नाव आणि त्याला मिळालेले सीपीयू. त्याखाली ‘व्हीएम००’ने सुरू होणाऱ्या ओळी असतील तर तुम्ही गेस्ट आहात, आणि ‘कंट्रोल प्रोग्राम’च्या ओळीत झेड-व्हीएम की केव्हीएम तेही लिहिलेलं असतं. या ओळी नसतील तर तुम्ही थेट एलपारमध्ये आहात. ही फाइल प्रत्येक सर्व्हरसाठी आजच, सगळं नीट चालू असताना, कॉपी करून ठेवा. सर्व्हर पडल्यावर ती वाचता येत नाही, आणि एचएमसीवाला (मशीनच्या नियंत्रण-कन्सोलवर बसणारा) ऑपरेटर पहिला प्रश्न विचारतो तो एलपारच्या नावाचाच.

दुसरी पायरी: कन्सोल, आणि न अडलेला सर्व्हर

एसएसएच लागत नाही म्हणजे सर्व्हर मेला, असं धरू नका. आधी कन्सोलवर जा. थेट एलपार असेल तर एचएमसीवर दोन दारं आहेत. ‘ऑपरेटिंग सिस्टिम मेसेजेस’ हे ओळीओळीने चालणारं, आणि ‘इंटिग्रेटेड आस्की कन्सोल’ हे पूर्ण पडद्याचं. पहिल्यावर व्हीआय चालत नाही. तिथे फाइल बदलायची तर सेड वापरा. कंट्रोल-सी पाठवायचं असेल तर टोपीचं चिन्ह आणि सी ही दोन अक्षरं टाइप करून एंटर मारा.

झेड-व्हीएमचा गेस्ट असेल तर ३२७० (मेनफ्रेमचं टर्मिनल) एमुलेटरमधून गेस्टच्याच नावाने लॉगऑन करावं लागतं. आधीच कुणी जोडलेलं असेल तर लॉगऑनच्या ओळीत शेवटी ‘हिअर’ लावलं की सत्र तुमच्याकडे येतं. मग लॉग वाचण्याआधी पडद्याचा खालचा उजवा कोपरा बघा. अर्ध्या ‘हँग’च्या तक्रारी तिथेच सुटतात.

‘रनिंग’ असेल तर ठीक. ‘मोअर’ असेल तर पडदा भरलाय, थोड्या वेळाने आपोआप पुढे सरकेल. ‘होल्डिंग’ असेल तर क्लिअर कळ दाबेपर्यंत तो तसाच बसून राहील, आणि कन्सोलवर लिहू पाहणाऱ्या प्रोसेसही त्याच्यासोबत अडकतील. ‘सीपी रीड’ असेल तर गेस्ट थांबलेला आहे. लिनक्सच्या खालचा सीपी, म्हणजे झेड-व्हीएमचा कंट्रोल प्रोग्राम, तुमच्या आज्ञेची वाट बघतोय. ‘बिगिन’ टाइप करून एंटर मारा, गेस्ट जिथे थांबला होता तिथून पुढे चालू लागतो. चुकून पीए१ कळ दाबली गेली तरी हीच अवस्था येते.

नागपूरकरांनी इथे जरा थांबावं. मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळिसाला टेकतो, संध्याकाळी वादळ येतं आणि वीज जाते. घरून काम करणाऱ्याचं ब्रॉडबँड तुटतं. कन्सोल ‘रनिंग’मध्ये असताना लाइन तुटली तर गेस्ट फक्त डिस्कनेक्ट होतो, चालू राहतो. पण ‘सीपी रीड’मध्ये असताना तुटली, तर झेड-व्हीएम ठरावीक वेळ वाट बघून (मूळ सेटिंग १५ मिनिटांचं) तो गेस्ट जबरदस्तीने लॉगऑफ करतं. म्हणजे चालत्या सर्व्हरची वीज काढल्यासारखंच. म्हणून प्रत्येक लिनक्स गेस्टसाठी ‘सेट रन ऑन’ आधीच लावलेलं असावं. मग सीपीला आज्ञा देतानाही गेस्ट थांबत नाही. आणि कन्सोल सोडताना नेहमी हॅश-सीपी डिस्क, म्हणजे डिस्कनेक्ट. हॅश-सीपी लॉगऑफ कधीही नाही.

लिनक्सच्या कन्सोलवरून सीपीशी बोलायचं असेल तर ओळीच्या सुरुवातीला हॅश-सीपी लावतात. लिनक्समध्ये रूट म्हणून लॉगिन असाल तर ‘व्हीएमसीपी’ ही आज्ञा तेच काम करते. ‘व्हीएमसीपी क्यू व्ही डॅसडी’ म्हटलं की सीपीच्या नजरेतून तुमच्या डॅसडी, म्हणजे मेनफ्रेमच्या डिस्क दिसतात. लिनक्सला काय दिसतं आणि सीपीला काय दिसतं, यांची तुलना हे या कामातलं सगळ्यात उपयोगी हत्यार आहे. पुढे ते वारंवार लागेल.

तिसरी पायरी: पुरावा गोळा करा

लॉगिन होत असेल तर काहीही बदलण्याआधी ‘डीबीजीइन्फो डॉट एसएच’ चालवा. एस३९०-टूल्स या पॅकेजसोबत ती येते. कर्नलचे संदेश, डिव्हाइसच्या याद्या, ड्रायव्हरच्या आतल्या नोंदी आणि गेस्ट असेल तर सीपीची माहितीही एका दाबलेल्या फाइलमध्ये बांधून देते. व्हेंडर तीच मागतो. नंतर मागतो, तोवर तुम्ही रिबूट केलेलं असतं, आणि मग "पुन्हा घडलं की कळवा" असं उत्तर येऊन केस बंद होते.

न उठणारा सर्व्हर

सगळ्यात जास्त घाम इथे फुटतो, म्हणून इथे जरा सविस्तर.

मेनफ्रेमवर बूटला आयपीएल म्हणतात आणि बूटलोडरचं नाव झिपल. ग्रबची सवय असलेल्यांना झिपलचं एक वागणं पहिल्यांदा चकवतं. कर्नल आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणारी छोटी फाइलसिस्टिम) डिस्कवर कुठल्या ब्लॉकवर आहेत, याची यादी झिपल आधीच लिहून ठेवतं. बूटच्या वेळी ते फाइलसिस्टिम वाचत नाही. म्हणून कर्नल बदलला, इनिटरॅमएफएस नव्याने बनवलं किंवा पॅरामीटर बदलला, तरी झिपल पुन्हा चालवेपर्यंत त्या बदलाला काही अर्थ नसतो. सुसेवर पुढचा टप्पा ग्रबचा असतो, पण त्याच्याखाली झिपल असतंच.

आता नेहमीची केस. रूटचा व्हॉल्यूम ग्रुप भरत आला. कुणीतरी नवीन डॅसडी डिस्क घेतली, चालू सिस्टिमवर ऑनलाइन केली, फॉरमॅट केली, व्हॉल्यूम ग्रुपमध्ये जोडली. सगळं झकास चाललं. तीन महिन्यांनी पॅचिंगच्या रात्री रिबूट केला आणि सर्व्हर ड्रॅकटच्या इमर्जन्सी शेलवर येऊन बसला. दोष पॅचिंगवाल्याच्या माथी जातो. खरं कारण हे की बूटच्या सुरुवातीला कुठल्या डिस्क ऑनलाइन आणायच्या याच्या यादीत नवी डिस्क कुणी घातलीच नव्हती. इंटेलवर कर्नल सगळ्या डिस्क स्वतः शोधतो. इथे डिस्क ‘दिसणं’ आणि ‘ऑनलाइन असणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात ‘सीआयओ-इग्नोर’ हा पॅरामीटर लावलेला असेल तर डिस्क दिसतही नाही.

त्या शेलवर करायचं ते असं. प्रॉकमधली ‘सीआयओ इग्नोर’ फाइल वाचा. हवा तो डिव्हाइस नंबर, समजा ०.०.०२०१, त्या यादीत अडकला असेल तर ‘सीआयओ-इग्नोर उणे आर ०.०.०२०१’ म्हणून मोकळा करा. मग ‘सीएचसीसीडब्ल्यूडेव उणे ई ०.०.०२०१’. ती आज्ञा शेलमध्ये नसेल तर सिस डिरेक्टरीत बस, सीसीडब्ल्यू, डिव्हाइसेस या वाटेने जाऊन त्या नंबराखालच्या ‘ऑनलाइन’ फाइलमध्ये १ लिहा. व्हॉल्यूम ग्रुप पूर्ण झाला की तो सुरू करा आणि ‘एक्झिट’ म्हणा, बूट पुढे सरकतं.

सर्व्हर उठला म्हणून फोन ठेवू नका. ‘सीएचझेडडेव उणे ई’ देऊन डिस्क कायमची नोंदवा, इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा आणि झिपल चालवा. रेड हॅटवर कर्नल पॅरामीटरमध्ये आरडी-डॅसडीच्या ओळीत ती डिस्क आहे ना, तेही बघा. मग जमल्यास त्याच रात्री आणखी एकदा रिबूट करा. पॅचिंगची वेळ हातात आहे, पुढच्या वेळी ती असेलच असं नाही.

शेलसुद्धा आलं नाही तर जुना कर्नल उठवून बघा. झेड-व्हीएमवर ‘आयपीएल २०० लोडपार्म प्रॉम्प्ट’ म्हटलं की झिपलचा मेनू येतो. मेनूचा आकडा नुसता टाइप करून चालत नाही, ‘हॅश-सीपी व्हीआय व्हीएमएसजी’ आणि मग आकडा असं लिहावं लागतं. मेनूच्या खाली ते लिहिलेलंही असतं, पण त्या वेळी वाचायचं भान कुणाला असतं! थेट एलपार असेल तर ऑपरेटरला एचएमसीवर लोडपार्मच्या रकान्यात तोच आकडा टाकायला सांगा.

तेही फसलं तर शेजारच्या चांगल्या गेस्टची मदत घ्या. ही पद्धत मला सगळ्यात आवडते, कारण यात रेस्क्यू सीडी शोधावी लागत नाही.

१. बिघडलेला गेस्ट लॉगऑफ आहे याची व्हीएम ॲडमिनकडून खात्री करा. दोन्हीकडून एकाच डिस्कवर लिहिलं गेलं तर फाइलसिस्टिमची माती होते.
२. चांगल्या गेस्टवरून ‘व्हीएमसीपी लिंक’, पुढे बिघडलेल्या गेस्टचं नाव, २००, १२००, एमआर. त्याची २०० नंबरची डिस्क आता तुमच्याकडे १२०० म्हणून आली.
३. सीआयओ-इग्नोरमधून मोकळी करा, सीएचसीसीडब्ल्यूडेवने ऑनलाइन आणा. ‘एलएसडॅसडी’मध्ये कुठल्या नावाने आली ते बघा.
४. माउंट करा, डेव, प्रॉक आणि सिस आत बाइंड करा, सीएचरूट करा. चुकलेली ओळ सुधारा, इनिटरॅमएफएस बनवा, झिपल चालवा.
५. अनमाउंट, ‘सीएचसीसीडब्ल्यूडेव उणे डी’, मग ‘व्हीएमसीपी डिटॅच १२००’. यातली शेवटची पायरी विसरली की मूळ गेस्ट उठताना त्याला स्वतःचीच डिस्क लिहिण्यासाठी मिळत नाही.

दोन्ही गेस्ट एकाच मूळ प्रतीवरून क्लोन केलेले असतील तर व्हॉल्यूम ग्रुपचं नाव आणि यूयूआयडी सारखेच निघतात आणि एलव्हीएम गोंधळतं. तेव्हा आधी ‘व्हीजीइंपोर्टक्लोन’ वापरावं लागतं.

एक तऱ्हा डीआर ड्रिलच्या, म्हणजे आपत्तीत वापरायच्या पर्यायी ठिकाणाच्या सरावाच्या, दिवशीच भेटते. मुख्य ठिकाणी नवं मशीन, डीआरला जुनं. रेड हॅट ८ ला किमान झेड१३ लागतं आणि रेड हॅट ९ ला झेड१४. त्याहून जुन्या मशीनवर कर्नल सुरुवातीलाच ‘अधिक नवं प्रोसेसर हार्डवेअर लागेल’ अशा अर्थाची एक ओळ लिहून थांबतो. इथे लिनक्सवाल्याला करण्यासारखं काही नाही. हे अपग्रेड ठरवतानाच तपासायचं असतं.

डिस्क

आधी ‘एलएससीएसएस’. डिव्हाइसच्या ओळीत शेवटाकडे पीआयएम, पीएएम, पीओएम असे तीन रकाने आहेत. पहिल्या रकान्यात बसवलेले मार्ग, दुसऱ्यात उपलब्ध असलेले, तिसऱ्यात चालणारे. प्रत्येक मार्गाला एक बिट. पहिल्यात ‘एफ०’ म्हणजे चार मार्ग बसवलेले आहेत. दुसऱ्यात ‘सी०’ दिसलं तर त्यातले दोनच उपलब्ध आहेत. सर्व्हर चालू असतो, कुणी तक्रार करत नाही, पण अर्धा रस्ता गेलेला असतो. पुढच्या देखभालीत उरलेला अर्धा बंद झाला की सगळे ओरडतात. ‘एलएससीएचपी’ने कुठला चॅनेल पाथ बंद आहे ते बघा आणि त्याचा नंबर हार्डवेअरवाल्यांना द्या.

‘एलएसडॅसडी’मध्ये एखाद्या डिस्कपुढे ‘एन-एफ’ दिसलं तर लिनक्सच्या दृष्टीने ती फॉरमॅट केलेली नाही. इथे लगेच डॅसडीएफएमटी (फॉरमॅटची आज्ञा) चालवायचा मोह होतो. थांबा. रिकाम्या नव्या डिस्कपुढे हेच दिसतं, पण नंबर चुकून जोडलेल्या दुसऱ्याच कुणाच्या, झेड-ओएसच्या (मेनफ्रेमच्या मूळ ऑपरेटिंग सिस्टिमच्या) डिस्कपुढेही ते दिसू शकतं. ‘डॅसडीव्ह्यू उणे एल’ देऊन व्हॉल्यूमचं लेबल वाचा आणि स्टोरेजवाल्यांकडून तोंडी नाही, लेखी खात्री घ्या. बँकेच्या डिस्कवर ही एक आज्ञा चुकीच्या नंबराने चालली तर पुढची चर्चा तांत्रिक राहत नाही.

"डिस्क लहान का दिसते?" हा प्रश्नही येतो. ३३९० मॉडेल ९च्या डिस्कवर १०,०१७ सिलिंडर (डिस्कवरची जागा मोजायचं एकक) असतात. ४ केबीचे ब्लॉक पाडले की सिलिंडरमागे १८० ब्लॉक बसतात, म्हणजे साधारण ७.४ जीबी हाती येतात. मिनीडिस्क (झेड-व्हीएमने पाडलेला डिस्कचा तुकडा) पहिलं सिलिंडर सोडून सुरू होत असेल तर १०,०१६ सिलिंडर. चोरी कुणी केलेली नाही.

फाइलसिस्टिम अचानक रीड-ओन्ली झाली, तर एफएससीकेच्या मागे लागण्याआधी ‘व्हीएमसीपी क्यू व्ही डॅसडी’ बघा. तिथेच ‘आर-ओ’ लिहिलं असेल तर सीपीनेच तुम्हाला फक्त वाचायला दिलेली आहे, कारण दुसऱ्या कुणीतरी ती लिहिण्यासाठी धरून ठेवली आहे. मगाशी सांगितलेला विसरलेला डिटॅच बहुधा तोच.

एफसीपीच्या, म्हणजे फायबर चॅनेलवरून जोडलेल्या, डिस्क (झेडएफसीपी) असतील तर ‘एलएसझेडएफसीपी’ आणि ‘मल्टिपाथ उणे एलएल’ यांपासून सुरुवात करा. नवीन लन (स्टोरेजने दिलेली डिस्क) दिसत नाही ही तक्रार असेल, तर एचबीएचा (फायबर चॅनेल कार्डाचा) ‘पोर्ट टाइप’ बघा. तिथे एनपीआयव्ही (एका कार्डावर अनेक व्हर्च्युअल पोर्ट) असेल तर लन आपोआप सापडतात. नसेल तर प्रत्येक लन हाताने जोडावा लागतो. एनपीआयव्हीच्या बाबतीत स्टोरेजवाल्यांनी झोनिंग (कुणाला कुठलं स्टोरेज दिसेल ते ठरवणं) मूळ कार्डाच्या डब्ल्यूडब्ल्यूपीएनला (पोर्टच्या ओळख-क्रमांकाला) केलेलं असणं ही फार जुनी गंमत आहे. तुमच्या व्हर्च्युअल पोर्टचा नंबर कॉपी-पेस्ट करून पाठवा, फोनवर वाचून दाखवू नका.

नेटवर्क

ओएसए म्हणजे मेनफ्रेमच्या नेटवर्क कार्डाला लिनक्समध्ये तीन डिव्हाइस नंबरांचा संच लागतो: वाचायचा, लिहायचा आणि डेटाचा. समजा ६००, ६०१, ६०२. यातला एक जरी सीआयओ-इग्नोरमध्ये अडकला तरी इंटरफेस तयार होत नाही. तिन्ही ‘एलएससीएसएस’मध्ये दिसतात का, हे आधी बघा.

मग ‘एलएसक्यूएथ’. त्यातल्या स्टेटच्या ओळीत ‘अप’ आणि ‘लॅन ऑनलाइन’ असेल तर कार्डापर्यंत सगळं ठीक आहे. पुढचा शोध नेहमीचाच: आयपी, राउट, फायरवॉल. ‘लॅन ऑफलाइन’ दिसलं तर शोधा: पलीकडची केबल, स्विचचं पोर्ट किंवा खालचा व्हर्च्युअल स्विच.

झेड-व्हीएममध्ये गेस्ट सहसा व्हीस्विचला जोडलेले असतात. नवा गेस्ट क्लोन केला, सगळं हुबेहूब आहे, तरी पिंग लागत नाही. तर कारण बहुधा हे की त्या नावाच्या गेस्टला व्हीस्विचवर परवानगीच दिलेली नाही, किंवा दिली पण व्हीलॅनचा नंबर दिला नाही. ‘व्हीएमसीपी क्यू निक डिटेल्स’मध्ये एनआयसी कुठल्या स्विचला जोडलंय ते कळतं. परवानगी द्यायचं काम व्हीएम ॲडमिनचं. त्यांना नुसतं "नेटवर्क नाही" असं न सांगता "अमुक गेस्टला अमुक स्विचवर ग्रँट हवी, व्हीलॅन अमुक" असं सांगितलं की दोन मिनिटांत होतं.

लेअरचा घोळही बघून घ्या. व्हीस्विच इथरनेट प्रकारचा असेल तर लिनक्सच्या बाजूला लेअर २ हवा, आयपी प्रकारचा असेल तर लेअर ३. डिव्हाइस ऑनलाइन असताना हे बदलता येत नाही. आधी ऑफलाइन करा, बदला, परत आणा. हे करताना तुम्ही त्याच इंटरफेसवरून एसएसएच केलेलं नाही ना, ते दोनदा बघा. म्हणूनच कन्सोलचा पासवर्ड हाताशी लागतो.

"स्लो आहे" ही तक्रार

टॉप किंवा व्हीएमस्टॅटमध्ये शेवटाकडचा ‘एसटी’ म्हणजे स्टीलचा रकाना इंटेलवर कुणी बघत नाही. इथे तो पहिल्यांदा बघा. प्रोसेस चालायला तयार होती, पण हायपरव्हायजरने त्या वेळी खरा सीपीयू दिलाच नाही, तो वेळ तिथे मोजला जातो. बर्डीच्या व्हरायटी चौकात गाडी चालू आहे, टाकीत पेट्रोल आहे, पण सिग्नल हिरवा होत नाही, तशातला हा प्रकार. तेव्हा ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये काहीच सापडत नाही आणि जावावाले, डेटाबेसवाले एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

स्टील जास्त असेल तर लिनक्समध्ये करण्यासारखं फारसं नसतं. माझं मत स्पष्ट आहे: अशा वेळी व्हर्च्युअल सीपीयू वाढवून मागू नका. खरे आयएफएल, म्हणजे लिनक्ससाठीचे सीपीयू, तेवढेच आहेत. सगळ्यांनी वाढवून घेतले तर रांग लांबते, वेग वाढत नाही. ‘व्हीएमसीपी इंड लोड’ने सीपीवरचा एकूण भार बघा. तुमच्या गेस्टचा शेअर (सीपीयूतला वाटा) किती आहे, हे व्हीएम ॲडमिनला विचारा. चाचणीच्या गेस्टला उत्पादनाच्या गेस्टइतकाच शेअर दिलेला असणं ही नेहमी सापडणारी गोष्ट. थेट एलपार असेल तर ‘हायपटॉप’ शेजारच्या एलपारचा वापरही दाखवतं, पण त्यासाठी एचएमसीवर त्या एलपारला ग्लोबल परफॉर्मन्स डेटाची परवानगी हवी. नसेल तर फक्त स्वतःचाच दिसतो.

मेमरीतही इंटेलची सवय उलटते. तिथे जास्त रॅम दिली की बरं. झेड-व्हीएममध्ये गेस्टला गरजेपेक्षा खूप जास्त मेमरी दिली, तर लिनक्स ती फाइल कॅशने भरून टाकतं, आणि खाली सीपीला तीच पानं डिस्कवर ढकलावी लागतात. गेस्टच्या आत फ्रीमध्ये सगळं आलबेल दिसतं, बाहेर पेजिंग चालू असतं. म्हणून गेस्टची मेमरी कामापुरती ठेवून स्वॅप व्हीडिस्कवर (मेमरीतल्या व्हर्च्युअल डिस्कवर) देण्याची पद्धत आहे. व्हीडिस्क प्रत्येक लॉगऑनला कोरी मिळते. स्वॅप तयार करणारी स्वॅपजेनसारखी स्क्रिप्ट प्रोफाइलमधून गळाली की गेस्ट उठतो, पण स्वॅप नसतो. आठवडाभराने ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) येतो आणि त्याचा संबंध त्या लॉगऑनशी कुणी लावत नाही.

खरंच अडकला असेल तर: डंप

कोपऱ्यात ‘रनिंग’ आहे, कन्सोल उत्तर देत नाही, पिंग नाही. आता डंप (मेमरीची प्रत) घ्यायचा. ओळीओळीच्या कन्सोलवर आधी टोपी, आडवी रेघ आणि टी टाइप करून बघा. सिसआरक्यू (कर्नलला थेट आज्ञा द्यायची सोय) चालू असेल तर सगळ्या टास्कची यादी कन्सोलवर पडते. आस्की कन्सोलवर त्याऐवजी कंट्रोल-ओ आणि मग अक्षर.

केडंप (कर्नल कोसळल्यावर डंप घेणारी सोय) बसवलेला असेल तर झेड-व्हीएमवर हॅश-सीपी सिस्टिम रीस्टार्ट द्या, एलपारवर ऑपरेटरला पीएसडब्ल्यू रीस्टार्ट करायला सांगा. केडंप नसेल, पण डंपची वेगळी डिस्क आधी झिपल उणे डीने तयार करून ठेवली असेल, तर झेड-व्हीएमवर क्रम असा: ‘सीपीयू ऑल स्टॉप’, ‘स्टोअर स्टेटस’, मग त्या डंप डिस्कवरून आयपीएल. आयपीएलच्या शेवटी ‘क्लिअर’ लावू नका, मेमरी पुसली जाते आणि डंपमध्ये शून्यं येतात. नंतर ‘झेडगेटडंप’ने डंप फाइलमध्ये उतरवून घ्या. डंप डिस्क तयारच नसेल तर हॅश-सीपी व्हीएमडंप हा शेवटचा पर्याय आहे. मोठ्या गेस्टला तो बराच वेळ घेतो, तेवढ्यात खाली जाऊन तर्री पोहे खाऊन येता येतं.

कन्सोलवर ‘डिसेबल्ड वेट पीएसडब्ल्यू’ असा संदेश आणि मोठा आकडा दिसला तर बहुधा कर्नल पॅनिक होऊन थांबला आहे. तो आकडा पूर्ण, जसाच्या तसा उतरवून घ्या, फोटो काढला तर उत्तम.

जे बिघाड वाटतात पण नसतात

कंटेनर उठत नाही आणि ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येते: प्रतिमा इंटेलची आहे. ‘यूनेम उणे एम’ इथे एस३९०एक्स सांगतं, प्रतिमाही त्याच आर्किटेक्चरची हवी. इंटेलवर बरोबर चालणारा सी प्रोग्राम इथे फाइलमधले आकडे भलतेच वाचतो: मेनफ्रेम बिग-एंडियन आहे, इंटेल लिटल-एंडियन, म्हणजे आकड्यातल्या बाइटचा क्रम उलटा. झेड-ओएसकडून आलेली फाइल कचरा दिसते: ती एब्सिडिकमध्ये (मेनफ्रेमच्या अक्षर-संकेतात) आहे, आयकॉन्व्हने बदला. ग्राहकांची मराठी नावं असलेली यूटीएफ-८ फाइल झेड-ओएसवरून नेताना मात्र बायनरीतच न्या. टेक्स्ट मोडमध्ये रूपांतर झालं की ‘देशमुख’च्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत आणता येत नाहीत.

सराव घरच्या लॅपटॉपवर होतो. क्यूईएमयू एस३९०एक्स मशीनचं अनुकरण करतं, त्यावर डेबियन टाकता येतं. हळू चालतं, पण एलएससीएसएस, सीएचसीसीडब्ल्यूडेव, झिपल यांच्यावर हात बसतो. डॅसडीचा सराव हवा तर हर्क्युलिस एमुलेटर आणि जुनं डेबियन. सीपीच्या आज्ञा मात्र ऑफिसातल्या चाचणीच्या गेस्टवरच शिकाव्या लागतात.

तिकिटात काय लिहायचं

मशीनचा टाइप, एलपारचं नाव, गेस्टचं नाव, कर्नलची आवृत्ती. लिनक्सला काय दिसतं आणि सीपीला काय दिसतं, दोन्ही शेजारी शेजारी. शेवटचा बदल कधी आणि कुणी केला. दिलेल्या आज्ञा क्रमाने, उत्तरांसकट. डीबीजीइन्फोची फाइल आणि असल्यास डंप कुठे ठेवला. प्रत्येक वेळेपुढे टाइमझोन लिहा: तुमच्या घड्याळात भारतीय वेळ असते, लिनक्सचा लॉग बहुतेकदा यूटीसीत असतो आणि एचएमसीवाला ऑपरेटर त्याच्या गावची वेळ सांगतो. साडेपाच तासांचा हिशेब रात्री तीन वाजता डोक्यात करायला लावू नका.